हिल्का माफी मागत नाही

हिल्का रिंतालाला कोर्पिलुओमा गावात दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक, शाळेतलं तिच्या हातचं वाटाण्याचं सूप, आणि दुसरं तिचं तोंड. सूप सगळ्यांना आवडतं. तोंडाबद्दल मात्र गावात पहिल्यापासून दोन तट आहेत, आणि नोव्हेंबरातल्या त्या सामन्यानंतर ते तट चारचौघांत उघडे पडले.

बाई साठीला टेकलेली. आडव्या अंगाची, पुढचा एक दात नाही. दात पडला तेव्हा ती बारा वर्षांची होती. गोठलेल्या नदीवर भाऊ हॉकी खेळायचे आणि गोलात उभं राहायला कुणी तयार नसायचं, म्हणून धाकट्या बहिणीला बापाचे लोकरी बूट घालून उभी करायचे. दात बर्फावर पडला तसा थोरला भाऊ घाबरून घरी पळायला निघाला. हिल्कानं त्याला परत बोलावलं, कारण खेळ संपला नव्हता. गावात मुलींचा संघ नव्हताच तेव्हा. तो पुढं तिनंच काढला, स्वतःचं खेळायचं वय उलटून गेल्यावर. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबायचं आणि संध्याकाळी, किंवा क्लब देईल त्या वेळेला, पोरींना घेऊन बर्फावर उतरायचं. कोच म्हणून तिला कुणी नेमलं असं नाही. कोच व्हायला दुसरं कुणी पुढं आलंच नाही.

क्लब देईल ती वेळ म्हणजे रविवारची पहाट. शनिवारी पुरुषांचा सामना व्हायचा, आणि ते अंथरुणात घोरत असताना उरलेल्या बर्फावर बायकांचा सराव. पुरुषांच्या सामन्याला कॅन्टीन कोण चालवणार? बायकांचा संघ. सॉसेज कोण भाजणार, वेलदोड्याचे पाव घरून कोण करून आणणार, क्लबच्या सभेत कॉफी कोण ओतणार? बायकांचा संघ. इकडे अशा कामाचे पैसे कुणी मागत नाही आणि त्याला नाही म्हणायची पद्धतही नाही. पुरुषांच्या संघावर ही पाळी कशी कधी येत नाही, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तर तो सामना. शुक्रवारी, घरच्या बर्फावर, शेजारच्या गावाशी. शेजारच्या गावाशी हरणं म्हणजे वर्षभर दुकानात तोंड लपवून फिरणं. आणि या पोरी सात-एकनं हरल्या. हरल्या त्याचंही एवढं नव्हतं. तिसरा गोल कसा झाला ते हिल्काच्या घशाखाली उतरेना. पिल्वी नावाची बचावाची पोरगी, घोड्यासारखी ताकद, टोमॅटोच्या काचघरात पेट्या उचलून उचलून खांदे असे झालेले की दारातून जायला तिरकं व्हावं लागेल. तिनं समोरचीला नियमात बसणारी, सुरेख धडक दिली. समोरची बसली खाली. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, मोकळा झाला. आणि पिल्वी पक सोडून वाकली, त्या पोरीला हात दिला आणि म्हणाली, "माफ कर हं." तेवढ्यात समोरच्या संघातल्या दुसरीनं पक उचलून गोलात घातला.

सामना संपल्यावर गावच्या रेडिओचा आर्तो माइक घेऊन आला. तो बापडा नेहमीचंच विचारायला आला होता आणि त्याला नेहमीचंच उत्तर हवं होतं: पोरींनी जीव ओतला, पुढच्या वेळी बघू. हिल्का म्हणाली, "जीव कुठला ओतला? माझ्या पोरी भित्र्या नाहीत, त्याहून वाईट आहेत. त्या गुणी आहेत. आज पिल्वीनं धडक मारून माफी मागितली आणि त्या माफीत गोल झाला. हे तिला मी शिकवलं नाही. हा क्लब शिकवतो. जन्मभर कॉफी ओतायला लावायची, पहाटेचा शिळा बर्फ द्यायचा, वर शाब्बास म्हणायचं. अशातून गुणी पोरी तयार होतात, हॉकीपटू नाही."

आर्तोनं ते सगळं जसंच्या तसं लावलं. शनिवारी सकाळच्या बातम्यांत, आणि मागणीवरून पुन्हा दुपारच्या.

सोमवारी क्लबच्या कारभाऱ्यांचं निवेदन आलं. कोचचे शब्द क्लबच्या मूल्यांना धरून नाहीत, खेळाडूंच्या भावना दुखावल्या आहेत, खेळाडूंच्या वतीनं व्यवस्थापन तीव्र खेद व्यक्त करतं, वगैरे. आता गंमत बघा. आदल्या वर्षी पुरुषांच्या कोचनं आपल्या खेळाडूंना त्याच माइकवर बटाट्याची पोती म्हटलं होतं. तेव्हा कुणाची मूल्यं दुखावली नव्हती. उलट कारभाऱ्यांनी ते वाक्य सदऱ्यांवर छापून विकलं. हिल्कानं पोरींना काय म्हटलं यावर खरं तर कुणाचाच राग नव्हता. राग होता कॉफीवर आणि शिळ्या बर्फावर. पण ते बोलून कसं दाखवणार, म्हणून खेळाडूंच्या भावना पुढं केल्या.

अध्यक्ष ओस्मो सिपोला. ट्रॅक्टर विकतो, हिल्काच्याच वर्गात होता. तो शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं आला तेव्हा ती पातेलं घासत होती. टोपी काढून बराच वेळ हवेबद्दल बोलला. मग म्हणाला की गुरुवारी क्लबची वार्षिक सभा आहेच, तिथं दोन शब्द बोल आणि मिटवून टाक.

"कुठले दोन शब्द?" हिल्कानं विचारलं.

"माहीत आहेत तुला. माफ करा म्हण. कुणाचं काय जातं?"

"आणि नाही म्हटलं तर?"

ओस्मोनं टोपी दोन्ही हातांत फिरवली. तर मग तुला काढायचा ठराव मांडावा लागेल, तो म्हणाला, आणि तसं करताना मला अजिबात बरं वाटणार नाही.

"मग नको करू," हिल्का म्हणाली आणि पातेल्याकडं वळली.

हे झालं बाहेरच्यांशी. आत मात्र तिला झोप नव्हती. निवेदनाला ती भीक घालत नव्हती, पण रविवारी पहाटेच्या सरावाला पिल्वी आली नव्हती. सहा वर्षांत ती पोरगी एकदाही चुकली नव्हती, ताप असला तरी यायची. मंगळवारी हिल्का गाडी काढून काचघरापर्यंत गेली. पिवळ्या दिव्यांत पिल्वी पेट्या रचताना दिसत होती. जाऊन काय म्हणायचं? खोटं बोलले म्हणायचं, तर ते खोटं नव्हतं. खरं बोलले म्हणायचं, तर ते तिनं रेडिओवर ऐकलंच होतं. माइकपुढं जिची जीभ एकदा अडखळली नाही, ती बाई गाडीतून न उतरता परत आली. त्या रात्री तिला पहिल्यांदा संघ हातचा जाईल याची धास्ती वाटली. ठरावाची नाही वाटली. पिल्वी पुन्हा आली नाही तर बाकीच्या पोरीही एकेक करून येईनाशा होतील, आणि वीस वर्षांचा डाव आपल्याच तोंडानं मोडला असं होईल, याची वाटली.

बुधवारी कप्तान इंकाचा फोन आला. ती मितभाषी, म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. तिनं एवढंच सांगितलं की आम्ही सगळ्या सभेला येतोय. हिल्का म्हणाली, येणारच, कॉफी तुम्हालाच करायची असते. इंकानं फोन ठेवला.

सभा क्लबच्या खोलीत, बर्फाच्या हॉलवर, माडीवर. दरवर्षी बायका तासभर आधी मागच्या जिन्यानं चढतात, कपबशा मांडतात, आणि सभा चालू असताना स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकतात. त्याही वर्गणी भरतात, त्यांनाही मत आहे, पण हातात किटली असल्यावर हात वर कसा करणार? त्या दिवशी हिल्का पोचली तेव्हा स्वयंपाकघरात अंधार होता. पोरी पुढच्या दारानं आल्या होत्या आणि पहिल्या दोन रांगांत बसल्या होत्या. पिल्वी कडेच्या खुर्चीत, मान खाली. पुरुष मंडळी मागं अवघडून उभी, कारण पुढच्या खुर्च्यांवर बसायची त्यांची नेहमीची जागा गेली होती. दोघातिघांनी नाक वर करून वास घेतला. कॉफीचा वास नव्हता. या मुलखात कॉफीशिवाय माणसाला पुरतही नाहीत, मग सभा कशी भरणार?

ओस्मोनं विषय काढला. घसा साफ करून, पाठ केल्यासारखं बोलला. खेळाडूंचा मान, क्लबचं नाव, विशेषतः एका तरुण खेळाडूला झालेल्या वेदना. मग हिल्काकडं हात करून म्हणाला की कोचला दोन शब्द बोलायचे आहेत.

हिल्का उठली. "मला काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "कॉफीबद्दल आणि बर्फाबद्दल जे बोलले ते आजही बोलेन. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर वाटू दे, वाटावं म्हणूनच बोलले. आणि पिल्वीला लागलं असेल तर ते पिल्वी सांगेल. तिला तोंड आहे."

पिल्वी उठली तेव्हा खुर्ची करकरली. कानापर्यंत लाल झाली होती. आधी ओस्मोकडं वळली.

"मला लागलं," ती म्हणाली. "आजी रेडिओ ऐकत होती, तिच्यासमोर लागलं. पण तुम्ही माझ्या वतीनं खेद व्यक्त केलात, तेव्हा मला कुणी विचारलं? सहा वर्षं तुमच्या कपात कॉफी ओततेय मी. माझं आडनाव माहीत आहे का तुला?"

ओस्मोला ते माहीत नव्हतं. शेजारच्या चिटणिसाकडं त्यानं बघितलं, पण त्यालाही माहीत नसावं, कारण तो आपलं पेन बघत बसला.

मग पिल्वी हिल्काकडं वळली. "तू म्हणालीस ते खरं आहे. मी माफी मागितली, आणि का मागितली मला माहीत नाही, तोंडातून आली. पण आधी मला सांगायचंस. तोंडावर. तू सगळ्यांना तोंडावर सांगतेस, मला मात्र माइकमधून सांगितलंस."

एवढे दिवस हिल्का खरं आणि खोटं यांच्यात चाचपडत होती, आणि पोरीनं नेमकी जागा दाखवली. जे बोलायचं ते आधी त्या माणसाच्या तोंडावर, मग गावाला, हे तर बापानं शिकवलेलं. ती स्वतः पोरींना तेच सांगत आली होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "ते चुकलं माझं. पुढच्या वेळी आधी तुला शिव्या घालीन, मग रेडिओवर बोलेन."

पहिल्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. ओस्मोच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. तो चिटणिसाला घाईघाईनं सांगायला लागला की नोंद कर, कोचनं माफी मागितली, विषय संपला.

"नको लिहू," पिल्वी म्हणाली. "ती माझ्याशी बोलली. तुझ्याशी नाही."

मग इंका उठली आणि म्हणाली, काढायचा ठराव मांडायचाय ना, मग मांडून टाका, आम्ही हात मोकळे ठेवून आलोय. आता ओस्मोला तो मांडायचा नव्हता, पण विषय पत्रिकेवर छापलेला. काढण्याच्या बाजूनं कारभाऱ्यांचे हात वर झाले, आणि मागून आणखी काही, भिंतीला टेकून, अर्धेमुर्धे. विरुद्ध म्हटल्यावर पुढच्या दोन रांगा उभ्याच राहिल्या. त्यांच्यामागं बर्फ घासायची गाडी चालवणारा म्हातारा उभा राहिला, मग पुरुष संघाचा गोलरक्षक, मग आणखी कुणी कुणी. मोजायची गरज पडली नाही. त्याच दमात इंकानं बायकांना शनिवारचा बर्फ द्यायचा विषय मांडला आणि तोही पार पडला, कारण आता हात वर करायची सवय झाली होती.

सभा संपली. नेहमी इथं अध्यक्ष म्हणतो, चला, कॉफी घेऊ. ओस्मोनं सवयीनं तेच म्हटलं, आणि मग पुढच्या रांगांकडं बघत राहिला. एकही पोरगी चटकन उठली नाही. दोघी उठायला लागल्या, वर्षानुवर्षांची सवय, तर इंकानं त्यांच्या मांडीवर हात ठेवला.

"डबा वरच्या फळीवर आहे, ओस्मो," हिल्का म्हणाली.

तो आत गेला. आतून कपाटं उघडल्याचे, काहीतरी सांडल्याचे आणि हलक्या आवाजात शिवी दिल्याचे आवाज आले. चिटणीस मदतीला गेला, मग आणखी एक कारभारी. बऱ्याच वेळानं तिघं कपबशांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तोल सांभाळत. ओस्मोनं पहिला कप पिल्वीला दिला. तिनं घोट घेतला. खोलीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं की आता ती काय म्हणणार: छान झालीय हं, उगाच त्रास घेतलात. सहा वर्षं ती हेच म्हणत आली होती, कशालाही.

"पातळ आहे," पिल्वी त्याच्या तोंडावर म्हणाली. "दुसरी कर."