डॉक्टरचा हात

अख्खी गल्ली त्याला डॉक्टर म्हणायची. दवाखाना नाही की डिग्री नाही, पण ज्या प्रिंटरची दुकानदारांनी आशा सोडलेली असायची तो याच्या घरी चार दिवस राहिला की पुन्हा रंगीत पानं छापायला लागायचा, म्हणून डॉक्टर. घरातलं जेवायचं टेबल हेच त्याचं ऑपरेशन थिएटर. त्यावर शाईचे इतके डाग पडलेले होते की त्याची लेक चिमी जेवता जेवता त्यांत प्राणी शोधत बसायची.

इंकजेट प्रिंटर बंद पडला की दुखणं बहुतेक वेळा त्याच्या हेडात असतं. हेड म्हणजे कागदावर शाई उडवणारा तुकडा, मुठीत मावेल एवढा. त्याच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक भोकं असतात, शेकड्यांनी. प्रिंटर नुसता पडून राहिला की शाई त्या भोकांत वाळते आणि कागदावर तुटक रेघा येतात. मग लोक काय करतात? ठोकतात, टाचण्या खुपसतात, सिरिंजने खच्चून पाणी मारतात. हेडाचं पार वाटोळं झालं की येतात डॉक्टरकडे, आणि वर तोंड करून विचारतात, होईल ना?

डॉक्टर त्या हेडाला तळहाताच्या फोडासारखं जपायचा. पसरट वाटीत बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्यायचं, कोमट. त्यात टिश्यूची घडी, आणि घडीवर हेड टेकवायचं, भोकांची बाजू खाली. पाठीवरच्या सोनेरी ठिपक्यांतून वीज जाते, तिथे पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. असं दिवसदिवस ठेवायचं. टिश्यूवर रंग उतरला की घडी बदलायची. शेवटी वरच्या तोंडाला सिरिंजची नळी लावायची आणि दट्ट्या जवळजवळ न दाबता पाणी सोडायचं. "जोर लावला की आतला पडदा फाटतो," तो बायकोला सांगायचा, "सगळे रंग एकमेकांत घुसतात. वाळलेलं हेड परत येतं. फाटलेलं नाही येत."

बायकोला हे सगळं पाठ होतं. टिश्यूच्या घड्या तीच घालायची, पाणी तीच कोमट करायची, नळी तीच जोडून द्यायची. लग्नाआधी ती एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. तिथला प्रिंटर दुरुस्त करायला हा यायचा. दिवसभर गिऱ्हाइकांची खेकसणी ऐकणाऱ्या त्या पोरीने कोणाला इतक्या हलक्या हाताने काम करताना कधी पाहिलं नव्हतं. त्या हातांवर भाळूनच तिने लग्न केलं.

आणि त्याच हातांनी त्याने चहा गार झाला म्हणून तिची करंगळी दाराच्या फटीत धरून दार ओढून घेतलं. करंगळी वाकडीच जुळली. डाव्या कानात कायम शिट्टी वाजायची, ती पहिल्या वर्षीची, जिन्यात मारलेल्या थपडेची. एकदा त्याने तिचे केस मुठीत धरून कपाळ सिंकच्या कडेवर आपटलं होतं, आणि नंतर सिंक धुवायला तीच उभी राहिली, कारण दुसरं कोण धुणार होतं. हेड घ्यायला येणारी गिऱ्हाइकं तिलाच म्हणायची, "काय पेशन्स आहे हो तुमच्या मिस्टरांना. नशीबवान आहात." ती चांगला कान पुढे करून ऐकायची आणि चहाचे कप उचलायची.

मग राहिली कशाला, असं विचारतात लोक. विचारायला काय जातंय. पहिलं म्हणजे सासूबाई. त्या वाईट नव्हत्या. मारून तो बाहेर निघून गेला की त्याच ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसायच्या आणि दर वेळी तेच म्हणायच्या, "मनाने वाईट नाही गं तो. हात आवरत नाही त्याला. याच्या वडिलांचंही तसंच होतं. राग आला की भानच राहायचं नाही." ऐकून ऐकून तिलाही ते पटलं होतं. आजारी माणसाशी भांडत नाहीत, तसं ती त्याच्याशी भांडायची नाही.

आणि दुसरं म्हणजे, चिमीला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. माझ्यावर काय तो राग काढू दे, पोरीपर्यंत जायला नको, एवढ्या एका गोष्टीवर ती तग धरून होती. तो घरी असला की ती चिमीच्या पुढे पुढे राहायची, ताट वाढतानासुद्धा.

त्या आठवड्यात टेबलावर एका मोठ्या फोटो स्टुडिओचं हेड होतं. मोठ्या मशीनचं, नाजूक, आणि तसं दुसरं लवकर मिळणारं नव्हतं. स्टुडिओवाला रोज येऊन दारात उभा राहायचा. डॉक्टर त्याला चहा पाजून परत पाठवायचा, "घाई नको साहेब, वेळ देऊ या त्याला." त्याच आठवड्यात त्याने बायकोला दोनदा मारलं, एकदा पाणी जास्त गरम झालं म्हणून आणि एकदा कशासाठी ते तिला कळलंही नाही.

दुपारची वेळ. हेडातले सगळे रंग मोकळे झाले होते, एक काळा तेवढा अडला होता. सिरिंज भरून टेबलावर ठेवलेली होती. सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसून भाजी निवडत होत्या. चिमी शाळेतून आली, आणि वळताना पाठीवरच्या दप्तराचा टेबलाला धक्का लागला. वाटी कलंडली. रंगीत पाणी टेबलभर पसरलं आणि हेड घसरत घसरत कडेपर्यंत आलं.

डॉक्टरने ते वरच्या वर झेललं.

बायको स्वयंपाकाच्या दारात येऊन उभी राहिली. त्याने हेड उजेडाकडे धरलं. पाठीवरच्या ठिपक्यांना टिश्यू हलकेच टेकवला, पुसला नाही, नुसता टेकवला. दुसरी कोरडी घडी घेतली, डबीत पसरली, हेड त्यावर नीट बसवलं. डबी कपाटाच्या फळीवर ठेवली. ठेवताना आवाजसुद्धा झाला नाही. मग फडकं घेऊन टेबलावरचं पाणी टिपलं. मग बोटं पुसली, एकेक करून. बायकोचा जीव भांड्यात पडला. गेलं, तिला वाटलं, आजचं टळलं.

मग त्याने चष्मा काढला, घडी घातली, त्याच्या डबीत ठेवला आणि डबी टेबलावर मागे सरकवली.

"चिमे, इकडे ये," तो म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला की पोरगी गेली.

पहिल्या थपडेला ती दप्तरासकट फिरली. दुसरी तोंडावर बसली आणि ओठ फाटला. ती खाली पडली तर त्याने दप्तराचा पट्टा धरून तिला वर ओढलं आणि भिंतीवर ढकललं. डोकं आपटल्याचा आवाज आला. आई धावत मध्ये घुसली तशी त्याचं कोपर तिच्या गळ्यावर बसलं, ती कपाटावर आदळली, आणि त्याने तिला बाजूला करायला पोटात लाथ घातली. चिमी रडतसुद्धा नव्हती. हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि ती बापाकडे नुसती बघत होती.

"आवर रे, आवर," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, आणि सवयीने पुढचंही म्हणायला लागल्या, "त्याला हात आवरत..."

तिथेच थांबल्या. त्या टेबलावरच्या चष्म्याच्या डबीकडे बघत होत्या.

कपाटाला टेकून बसलेल्या बायकोच्या डोक्यात तोवर एकच गोष्ट फिरत होती. आधी हेड ठेवलं. मग टेबल पुसलं. मग बोटं. मग चष्मा. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. इतकी वर्षं ज्याला ती दुखणं समजून सांभाळत आली होती, ते दुखणं रांगेत उभं राहून वाट बघत होतं. ती उठली. फळीवरची डबी उघडून तिने हेड बाहेर काढलं, टेबलावरची सिरिंज उचलली, नळी वरच्या तोंडात बसवली आणि दट्ट्यावर अंगठा ठेवला. हे तिने इतक्या वेळा केलं होतं की बघावंही लागलं नाही.

डॉक्टरने चिमीवर हात उगारला होता. नळी बसल्याचा बारीकसा आवाज त्याला बरोबर ऐकू आला. तो वळला, आणि हात वरच्या वर राहिला.

"ते खाली ठेव," तो म्हणाला.

"आवरला की हात," ती म्हणाली.

तो एक पाऊल पुढे आला. तिने अंगठा किंचित दाबला, हेडाखालून काळा थेंब फरशीवर पडला. तो जागच्या जागी उभा राहिला. "हळू," तो म्हणाला, "अगं हळू. फाटेल ते."

"फाटेल. तुम्हीच शिकवलंय. चिमे, ऊठ, चपला घाल."

कोपर बसलेला गळा दुखत होता, लाथेने पोटात कळा येत होत्या, पण अंगठा हलत नव्हता. चिमी भिंत धरून उठली, आणि दोघी पाठ न फिरवता दारापर्यंत गेल्या. तो हातभर अंतर ठेवून त्यांच्या मागे मागे, दोन्ही पंजे पुढे धरून. तिला इतकं जपून तो आयुष्यात कधी चालला नसेल. आणि जपत होता तेही तिला नाहीच.

दारात तो आईकडे वळला. "आई, तू तरी सांग तिला. मला राग आवरत नाही, मुद्दाम नाही करत मी. तुला माहितीये."

सासूबाईंनी मांडीवरची भाजी खाली ठेवली.

"तुझा बाप घड्याळ काढायचा," त्या म्हणाल्या. "आधी घड्याळ काढायचा, उशीखाली ठेवायचा. काच फुटू नये म्हणून. मग मारायचा मला. आणि मी जगाला सांगत बसले, त्यांना भान राहत नाही."

हे बोलताना त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या खुर्चीचा हात धरून उठल्या, टेबलाजवळ गेल्या, चष्म्याची डबी उचलली आणि भिंतीवर भिरकावली. डबी उघडली गेली आणि काचांचा चुरा फरशीवर पसरला. मग त्यांनी चपला शोधल्या आणि सुनेच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

तिघी जिना उतरल्या. सासूबाई पुढे, त्यांचा हात धरून चिमी, आणि मागे ती, हेड छातीशी धरून, उलटी, एकेक पायरी पायाने चाचपत. डॉक्टर वरून उतरत होता. चष्मा नसल्यामुळे त्यालाही कठडा चाचपावा लागत होता. कोपऱ्यावर बस उभी होती.

शेवटच्या पायरीवर ती थांबली. आता पळत सुटलं तर तो गाठणार, हे तिला दिसत होतं. सासूबाईंचे गुडघे आणि पोरीचं गरगरणारं डोकं, पळणार तरी किती. तिने नळी काढली. ओढणीचं टोक फाडून त्याची घडी केली, पायरीवर ठेवली आणि घडीवर हेड टेकवलं, भोकांची बाजू खाली, ठिपके वर, जसं त्याने शिकवलं होतं तसंच. आणि ती बसकडे चालायला लागली.

तिने एकदाच मागे पाहिलं. पायरीवरून त्याला दोन गोष्टी दिसत असणार, जवळ हेड आणि पलीकडे रस्त्याने लंगडत जाणारी आई, बायको, ओठ फुटलेली लेक. तो हेडाशी वाकला. ते दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि डोळ्यांच्या अगदी जवळ धरून फाटलंय का ते बघू लागला. बस सुटली तेव्हाही तो पायरीवर बसून तेच बघत होता.