लेकीच्या पोटगीचा नैवेद्य

त्या सोमवारी मी महादेवाच्या देवळात गेले ती भक्तीने नव्हे, भीतीने. लातूरहून लेकीच्या वसतिगृहातल्या बाईंचा फोन आला होता. हप्ता भरला नाही तर खोली सोडावी लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. लेक अकरावीला. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला शिकते आणि मी इथे नांदेडला साडीच्या दुकानात काम करते. तिच्या वडिलांचा आणि माझा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. कोर्टाने लेकीसाठी ठरवलेली पोटगी कधी यायची, कधी नाही. शिकवणीच्या खर्चाचं तर ते ऐकूनही घेत नव्हते. म्हणून मी पुन्हा अर्ज केला होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढले, आणि तारखांमागून तारखा घेत बसले.

त्या सोमवारी त्याच अर्जाची तारीख होती. आदल्या दिवशी लेकीच्या वडिलांच्या वकिलाचा निरोप आला. थकलेल्या पोटगीतले थोडे पैसे लगेच देतो, पण पोटगीत शिक्षणाचा खर्च मागायचा हक्क सोडल्याची सही करा. त्यात हा हप्ता भागला असता. पुढचं सगळं शिक्षण मात्र माझ्या पगारावर आलं असतं, म्हणजे बंदच पडलं असतं. हे कळत होतं, तरी लढायची उमेद उरली नव्हती. एरवी मी गिऱ्हाइकालाही दोन शब्द जास्तच सुनावणारी, पण त्या निरोपावर नुसतं ‘बघते’ म्हणाले. मग वाटलं, देवाला शरण जाणं ते यालाच म्हणत असतील. सोडून द्यावं. तसं ठरवल्यावर बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

कोर्टात जाण्याआधी जवळच्या देवळात बेल वाहिला आणि म्हटलं, महादेवा, पोटगी सोडली, तुला वाहिली, आता तूच बघ. मनातल्या मनात म्हटलं असं मला वाटलं, पण पुटपुटले असणार. शेजारी गळ्यात इष्टलिंग घातलेली एक लिंगायत म्हातारी बसली होती. उदगीरकडची, माहेरच्या जमिनीच्या वाटणीच्या तारखेला नांदेडला आलेली. कुणाची पोटगी, असं तिने विचारलं. लेकीची, मी म्हणाले. ती माझ्याकडे वळली.

"मग तू का वाहायलीस, बाई? लेकराच्या ताटातलं उचलून देवाला निवद दाखवतेत का कुठं?"

मला रागच आला. हिला बोलायला काय जातंय! लढून लढून थकले हो मावशी, असं म्हणताना डोळे भरून आले. तिने पिशवीतली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

"थकलीस तर बस घडीभर. पानी पी. पर लेकराचं सोडू नको."

कोर्टात तडजोडीचा कागद पुढे आला. न्यायाधीश बाईंनी विचारलं, हे मान्य आहे का.

"नाही, मॅडम," मी म्हणाले. "शिक्षणाचा खर्च लेकीचा आहे. तो सोडायचा मला अधिकार नाही."

मग माझ्या वकिलांनी वसतिगृहातून आलेल्या फोनचं कोर्टाला सांगितलं. वसतिगृहाचा हप्ता वडिलांनी आधी भरावा, असा आदेश त्याच दिवशी झाला. पुढे काही महिन्यांनी खर्चाची रक्कम त्यांच्या पगारातून कापायचं ठरलं.

देव म्हातारीच्या रूपाने आला, असं मी म्हणणार नाही. ती आली होती तिच्या जमिनीसाठी. पण नेमक्या त्या घडीला तिला माझ्या शेजारी कुणी बसवलं, हे काही मला सांगता येत नाही. तिचे आणि त्या महादेवाचे उपकार मी फेडू शकणार नाही.

लेक अजून लातूरलाच शिकते. महिना संपत आला की आजही भीती वाटते, यावेळी पैसे येतील ना म्हणून. शरण जाण्याचं मला फारसं कळत नाही. आपलं असेल तेवढंच देवाला देता येतं, एवढं कळलं. पैसे लेकीचे आहेत, भीती माझी. दर सोमवारी मी तेवढीच वाहून येते.