रिकामी आढी

दादा गेला त्या दिवशी आमच्या खोलीत आढी घातलेली होती आणि तिच्यात एकही आंबा नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर कोण आढी घालतं? कलमांना मोहोरसुद्धा नसतो तेव्हा. समाचाराला आलेली माणसं रडता रडता आत डोकावत होती. शेजारच्या आजोबांनी तर विचारलंच, "ह्या काय रे? आत्ता आंबो खयसून इलो?"

बाबांनी खोलीचं दार लोटून घेतलं. आज मी सांगते.

माझा मोठा भाऊ, विनूदादा. जामसंड्यात टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं त्याचं. आणि डोक्यात एकच खूळ, सत्तरच्या दशकातलं विलायती रॉक.

आधी सगळं कॅसेटवर. मग २००४च्या सुमारास बोटीवर नोकरीला असलेल्या मित्राने त्याला एक डिस्क आणून दिली. अल्बम जुनाच, पण सराउंड साउंडमध्ये नव्याने मिक्स केलेला. दोन स्पीकर पुढे, एक मध्ये, दोन पाठीमागे आणि कोपऱ्यात बूफर.

झालं! घर डोक्यावर घेतलं साहेबांनी.

सुताराकडून फणसाच्या लाकडाचे खोके करून घेतले, अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जुळवला. आणि हे सगळं मांडायला मोकळी खोली एकच. आंब्याची.

आमची थोडी कलमं आहेत. आंबा उतरवला की त्या खोलीत भाताचं गवत पसरायचं, त्यावर आंबे, वर परत गवत. पिकेपर्यंत तसंच. ती आढी.

गंमत म्हणजे दादाची डिस्क फक्त आंब्याच्या दिवसांत नीट वाजायची. एरवी खोली रिकामी, चिऱ्याच्या भिंती, आवाज नुसता घुमायचा. पुढचं-मागचं सगळं एक. गवत भरलं की घुमणं बंद आणि प्रत्येक वाद्य आपापल्या जागी.

मला मधल्या खुर्चीत बसवायचा. "डोळे मिट गो. मागे, खिडकीकडे. एक गिटारवालो आसा. गावलो?"

गावला! कॅसेटवर तो मला कधी ऐकूच आला नव्हता.

"इतकी वर्षां मेलो गर्दीत उभो होतो," दादा म्हणायचा. "आता तेका जागा गावली."

बाबांचं मत वेगळं होतं. "बंद कर ती धडधड! आंबे नासतले माझे!" एखादा आंबा काळा पडला की बूफरच्या नावाने शिमगा. त्या खोलीत ते कधी बसले नाहीत. आंबे निवडायला यायचे तेसुद्धा कानाला टॉवेल गुंडाळून.

२००८च्या गणपतीनंतर दादाच्या पोटात दुखायला लागलं. दसऱ्याला मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या.

मी सासरहून, कणकवलीहून धावत आले. दादा म्हणाला, एकदा ती डिस्क लाव. मी आणि बाबांनी धरून नेलं, खुर्चीत उशा लावल्या.

थोडा वेळ ऐकलं त्याने आणि हात हलवला. "बंद कर. घुमता. आंब्यांत ऐकूया."

आंब्यांत. म्हणजे एप्रिलात.

आपण काय बोलून गेलो ते दादालाही कळलं.

बाबा उठून बाहेर गेले. मला राग आला, खोटं कशाला सांगू? पोरगा असा समोर बसलाय आणि हे चालले!

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात टेम्पो. कणकवलीकडच्या गावात भात कापायला सुरुवात झाली होती. बाबा टेम्पोत गवतावर बसूनच आले, केसांत कुसळं घेऊन.

"बाबा, ह्या कित्याक?"

"गप रव. हात लाव."

आणि त्यांनी आढी घातली. आंबे असल्यासारखी, हलक्या हाताने, थरावर थर. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

दादाला आणून बसवला. पहिलंच गाणं सुरू झालं आणि त्याचा चेहरा सैल पडला.

"बरोबर," एवढंच बोलला.

दुसऱ्या गाण्याला झोप लागली त्याला. औषधाची गुंगी. खिडकीकडची गिटार अजून यायची होती, ती पार शेवटच्या गाण्यात.

मी बंद करायला उठले. बाबांनी हात धरून खाली बसवलं. "रवांदे. उठात तो."

आणि तो टॉवेलवाला माणूस गवतात मांडी घालून अख्खा अल्बम ऐकत बसला. एक अक्षर कळत नव्हतं त्यांना. मी मध्येच बघितलं तर डोळे मिटलेले.

संध्याकाळी दादाला जाग आली. पहिला प्रश्न, "गेलो मां तो गिटारवालो? माका ऐकूक गावलो नाय."

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मी ऐकलंय. तो खिडकीकडे होतो. मगे वायच, जरासो, दाराकडे सरकलो. परत आपल्या जाग्यार गेलो."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला.

"सरकता, बाबा. बरोबर सरकता." आणि हसला. किती दिवसांनी हसला तो!

त्यानंतर त्याला बसवेनाच. दिवाळीआधी गेला.

ते गवत बाबांनी काढलं नाही. पुढच्या एप्रिलचा आंबा त्याच गवतात पिकला.

आज दादाचा दिवस, तो गेला ती तिथी. सकाळी बाबांचा फोन आला. "नवा गवत इला. आढी घातलंय. तू येतंस मां? माका ता मशीन लावूक येणा नाय."

"येतंय," म्हटलं.

मग हळूच, "तो खिडकीकडचो आसा मां अजून?"

"आसा, बाबा. तो खंय जातलो?"

फोन ठेवून खूप रडले. आता निघते आहे.

विनूदादा, श्रद्धांजली वगैरे लिहिलं तर तू हसशील. म्हणून एवढंच सांगते. आज मधल्या खुर्चीत बाबा बसणार आहेत.

वायच सरक.