अण्णांची गुप्त कानडी

आम्ही फुटबॉलचा सामना हरलो, की रायगोंडाअण्णा एक पदार्थ सोडत. पहिल्या पराभवाला चहा गेला, दुसऱ्याला गूळ. मग तूप, दही, दूध अशी गळतीच लागली. या संघाच्या भरवशावर नेम घेणाऱ्याने जेवणात आधीपासून बरेच जास्त पदार्थ ठेवायला हवे होते, असं आमचा गोलकीपर पास्कू म्हणायचा. पास्कू कॅम्पातल्या बेकरीत पाव भाजायचा आणि मैदानात समोरून आलेला चेंडूही भट्टीतून नुकताच काढलेला पाव असावा तसा हातातून सोडून द्यायचा.

अण्णा मूळचे निपाणीचे जैन. तंबाखूची वखार तिकडे आणि दुकान इकडे बेळगावात, खडेबाजारात. गोल चेहरा, डोक्याला रुमाल, काखेत काळी छत्री. स्वतः त्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. कॅम्पात गोऱ्या शिपायांचा सामना पाहिला आणि त्यांच्या डोक्यात जे खूळ शिरलं ते शिरलंच. दुकानातले हमाल, शेजारचे दोन शिंपी, पास्कू आणि मी शाळामास्तर, अशी अकरा डोकी जमवून त्यांनी संघ काढला. मला डावीकडे धावायला ठेवलं, कारण मी अंगानं हलका होतो. खेळ येतो का, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. लीगमध्ये आम्ही खालच्या वर्गात होतो आणि त्या वर्गाची यादी खालून वाचली तर लगेच सापडत होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या जरा आधीची गोष्ट. त्या हंगामात तळाचा संघ लीगमधून काढून टाकायचं ठरलं. चातुर्मासात जैन माणसं काही ना काही सोडतातच. अण्णांनी त्याची गाठ लीगशी मारली. बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जाऊन त्यांनी नेम घेतला.

“दर हारीला एक जिन्नस सोडनार. लीगमदी राहिलो तर परत खाईन. न्हाय राहिलो तर जल्मभर न्हाय.”

आमच्या पायांवर एवढा भरवसा आमच्या घरच्यांनीही कधी ठेवला नव्हता.

अण्णा दिवस मावळल्यावर जेवत नसत आणि सामने संध्याकाळचे. त्यामुळे मध्यंतरात, उभ्याउभ्याच, ते डबा उघडायचे. हंगामाच्या सुरुवातीला त्या डब्यात शेंगापोळी, तुपाची वाटी, दुधी भोपळ्याची भाजी असे. आम्ही लिंबाच्या फोडी चोखत तिकडे बघत बसायचो. पुढं डबा ओस पडत गेला. तेल गेलं, त्यानंतर मीठही गेलं. शेवटच्या सामन्याच्या आधी त्यात नुसता अळणी भात उरला होता. अण्णांचा रुमाल कपाळावर घसरायला लागला होता.

त्यांच्या घरी गेलो की त्यांच्या पत्नी आक्का आम्हालाच फैलावर घेत. “मास्तर, तुमी खेळायला जातासा का माझी चूल इझवायला? आता काय वाढू त्यास्नी? नुसतं पानी?”

“आक्का, या वेळी नक्की जिंकतो,” मी म्हणायचो.

“मागल्या येळेला ह्येच म्हनलासा, आनि तूप गेलं.”

मी चपला पायात सरकवून मैदानाकडे निघायचो.

आता अण्णांच्या ओरडण्याबद्दल. सामना सुरू झाला की रेषेबाहेर छत्री नाचवत ते सतत हुकूम सोडायचे, आणि तेही कानडीत. “मुंद होग” म्हणजे पुढं जा, “बिडब्याड” म्हणजे सोडू नको, आणि माझ्यासाठी खास “एडक्क”, म्हणजे डावीकडे. मराठी बोलणाऱ्या संघांना कानडी कळायची नाही, ही अण्णांची पक्की समजूत. “आपली गुप्त भाषा हाय ती,” ते आम्हाला हळूच सांगायचे. खरं तर बेळगावात भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत दोन्ही भाषा सगळ्यांनाच येतात. अण्णा स्वतः दिवसभर दुकानात निम्म्या गिऱ्हाइकांशी मराठीत आणि निम्म्यांशी कानडीत बोलायचे. पण मैदानावर पाय ठेवला की ते हे साफ विसरायचे. आणि शिकलासवरला मास्तर असून मीही विसरायचो. त्या हंगामात आमचा एकच विजय झाला होता, तोही गोऱ्या पलटणीच्या आचाऱ्यांवर. गोरे खाऊन खाऊन सुस्त झालेत, एवढाच अर्थ आम्ही त्यातून काढला.

शेवटचा सामना खानापूरच्या लाकूडवाल्यांशी होता. तळाला ते आणि आम्ही. हरेल तो बाहेर. आदल्या दिवशी अण्णा घरात डोकं धरून बसले होते. नेमात भर घालावी तर सोडायला काही शिल्लक नव्हतं. आक्का वैतागून म्हणाल्या, “खायाचं समदं सोडलासा. आता बोलायचं सोडा, म्हंजे मला तरी जरा इसावा.”

आक्का रागानं बोलल्या, अण्णांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मौन.

मैदानावर आलो तर अण्णा रेषेपाशी ओठ घट्ट मिटून उभे. सुरुवातीला आम्हाला काही सुचेना. सवयीनं मी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. पण गंमत अशी, की खानापूरवालेही त्यांच्याकडेच बघत होते. माझ्यासमोरचा आडदांड गडी तर कान टवकारून थांबला होता. मध्यंतरानंतर चेंडू माझ्याकडे आला. अण्णांची मान ताठ झाली, छत्री अर्धी वर गेली, पण तोंड उघडलं नाही. त्या गड्याला काही कळायच्या आत मी डावीकडून निघून गेलो आणि चेंडू मध्ये ढकलला. आमच्या थोरल्या हमालानं तो जाळ्यात घातला. पास्कूच्या हातूनही त्या दिवशी काही सुटलं नाही. आम्ही जिंकलो.

अण्णा धावत आमच्याकडे येतील असं वाटलं होतं. ते धावले शेंगावाल्याकडे. खुणेनं चिमूटभर मीठ मागून घेतलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून उभे राहिले. गालावरून पाणी ओघळत होतं. ते मिठाचं की लीगचं, मी विचारलं नाही. माझेही डोळे भरले होते.

तेवढ्यात खानापूरचा कप्तान आला. हसत म्हणाला, “आज अण्णांनी दगा दिला रं. दर येळेला चेंडू कुठं जानार त्ये आधी सांगत्यात. आज सांगितलंच न्हाय, मग आमाला कळायचं कसं?”

अण्णांनी डोळे उघडले. सूर्य अजून मावळला नव्हता, त्यामुळे त्यांना बोलता येईना. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेका सामन्याचा हिशेब सरकताना मी पाहिला: हा चहाचा, हा गुळाचा, हा तुपाचा. संघाला बुडवत होतं कोण, हे त्या भल्या माणसाला त्या वेळी कळलं, आणि ते तोंड मिटून सोसावं लागलं. आम्ही सगळे खाली माना घालून मोजे काढत बसलो. मला त्यांची फार दया आली.

सूर्य टेकडीआड गेला तसं ते म्हणाले, “मास्तर, तुमी तरी मला सांगायचं न्हाय व्हय?”

“अण्णा, मलाही आजच कळलं. आणि कळलं असतं तरी तुम्ही बोलायचं थांबल्याशिवाय सांगणार कधी?”

ते पोट धरून हसायला लागले. हसता हसता आठवलं, की आता बोलता येतंय पण दिवस मावळल्यामुळे जेवता येत नाही. आक्कांनी केलेली तुपातली पोळी सकाळपर्यंत राहिली.

त्यानंतर कित्येक वर्षं प्रत्येक सामन्याला अण्णा मौन धरून उभे राहिले. नेम संपला होता, तरी मौन राहिलं. माणसाला आपली हौस किती प्यारी असते, आणि दुसऱ्याचं भलं व्हावं म्हणून ती गिळायला किती बळ लागतं, हे मी त्यांच्या मिटलेल्या ओठांवरून शिकलो.

स्वातंत्र्य जवळ आलं होतं त्या सुमारास अण्णा निपाणीला अंथरुणाला खिळले. दुखणं हाताबाहेर गेल्यावर त्यांनी आपल्या धर्माच्या रीतीप्रमाणे सल्लेखना घेतली, म्हणजे मरण येईपर्यंत एकेक अन्न सोडायला सुरुवात केली. मी भेटायला गेलो तेव्हा दूधही सोडलं होतं. आक्का दाराशी म्हणाल्या, “ह्या येळेला कुठला सामना हारलाय, त्यास्नीच ठावं.” त्या हसायला गेल्या आणि पदर तोंडाला लावून आत वळल्या.

खोलीत नातेवाईक बसले होते. मी अण्णांच्या कानाशी वाकून सांगितलं, “अण्णा, आपला संघ वरच्या वर्गात गेला.”

त्यांनी डोळे उघडले. बोटानं मला आणखी जवळ बोलावलं, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाले, “एडक्क. मुंद होग.”

खोलीतल्या सगळ्यांना कानडी येत होती. पण या वेळी ते माझ्याशिवाय कुणालाही ऐकू गेलं नाही.