मिठाचं तळं आणि फ्रीझरमधल्या पोळ्या

अन्याय झाला तो माझ्या मित्राच्या आईवर. गेल्या जुलैत, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य उगवता उगवता, साऊथ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात. मी तिथे होते, म्हणून सांगते.

मित्र आणि मी मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत एकत्र शिकलो. त्याला पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, मिळाला, घरून करायची नोकरी मिळाली, आणि मग मोकळं जगायची हुक्की आली. हिवाळाभर मोटरहोममध्ये राहायचं, तिथूनच लॅपटॉपवर काम करायचं, उत्तरेकडे सरकत जायचं. तीन जोडपी, तीन गाड्या. माझी कॅफेतली नोकरी नुकतीच सुटली होती, म्हणून त्याच्या गाडीतला वरचा बंक मला मिळाला. आणि त्याच्या आईला, काकूंना, साताऱ्याहून व्हिजिटर व्हिसावर बोलावून घेतलं होतं, ‘ऑस्ट्रेलिया दाखवायला’.

दाखवलं काय, तर सिंक. पोळपाट-लाटणं त्यांना सामानातून आणायला लावलं होतं. तिन्ही गाड्यांची कणीक एकाच गाडीत मळली जायची. बाहेर खुर्च्या टाकून, बीअर घेऊन मंडळी चर्चा करायची की माणसाला जगायला खरं तर किती कमी लागतं. आई लागते, हे कुणी बोलायचं नाही. मी एकदा विषय काढला, तर मित्र म्हणाला की तिला हौस आहे, तिला नुसतं बसवत नाही. नो वरीज.

काकूंना हौस एकाच गोष्टीची होती. मिठाचं तळं. “भिशीतल्या सगळ्यांना सांगून आलेय,” त्या मला म्हणाल्या होत्या, “तळ्यात उभी राहून फोटो पाठवीन म्हणून.” त्यासाठी कोरी साडी बाजूला ठेवली होती.

त्या पहाटे तळं आमच्या कॅम्पपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. मी उठले तेव्हा सगळे सूर्योदय बघायला गेले होते आणि काकू ती कोरी साडी नेसून, वर लेकाचं जॅकेट घालून, पोळ्या लाटत होत्या. तू एवढं उरकून घे, आम्ही आलो की तुला निवांत नेतो, असं तो सांगून गेला होता. मी गॅस बंद केला. त्या नाही नाही म्हणत होत्या, पण बूट घालत होत्या.

वाळूच्या टेकाडावर चढलो. समोर लांब पांढरी पट्टी दिसायला लागली. आणि खालून आमची मंडळी परत येताना दिसली, ड्रोन बगलेत मारून.

“अगं, निघालीस कुठे?” मित्र म्हणाला. “जागा सोडायचीये. सगळ्यांना भूक लागलीये.”

“फ्रीझरमध्ये पोळ्यांची पाकिटं आहेत की,” मी म्हणाले.

“त्या इमर्जन्सीसाठी आहेत. आणि तू काय, इथेपण पत्रकं वाटणार का?”

सगळे हसले. मी युनीच्या गेटवर कमी पगाराविरुद्ध पत्रकं वाटते, हा या लोकांचा आवडता विनोद आहे. आई फुकट राबते, त्यात मात्र त्यांना काही विनोदी वाटत नाही.

काकूंनी एकदा त्या पट्टीकडे पाहिलं. “राहू दे गं. दिसलं की इथून,” म्हणाल्या आणि वळल्या. गरम पोळ्या खाऊन आम्ही निघालो. मागच्या आडव्या सीटवर काकू, पुढे लेक आणि सून. तळं मागे पडलं ते पडलंच. परतीच्या वाटेत ते नव्हतं.

रेंज आली तेव्हा त्यांनी लेकाकडून ड्रोनचा फोटो मागून घेतला आणि भिशीच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी विचारलं, यात तू कुठेस? काकूंनी मला टाईप करायला सांगितलं, “फोटो मीच काढलाय ना.”

मी ते टाईप केलं. आता हे लिहिते आहे, कारण त्या मोटरहोमसारखी किचन इथल्या मराठी वस्त्यांत आहेत, कॅसल हिलला आहेत, ग्लेन वेव्हर्लीला आहेत, आणि त्यात तुमच्या आया उभ्या आहेत. वाचताय ना? मग उठा. गॅस बंद करा. तिला काय बघायचंय ते विचारा आणि तिला पुढच्या सीटवर बसवून घेऊन जा. ते दाखवून आणेपर्यंत तिच्याकडे जेवायला मागू नका. फ्रीझरमध्ये पोळ्या आहेत.