भिंतीकडे तोंड करून

साकोलीच्या स्टँडजवळ एका पोराचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाला वैताग देण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. वारलेल्या वडिलांचे फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनवर दिसावेत म्हणून मला वायफायला जोडायचा स्टोरेजचा डबा हवा होता. "आधी सांगा, कोन कोन पाहीन? मंग देतो," म्हणाला. तीन चकरा मारल्या तेव्हा डबा मिळाला.

घरी जोडायला आला, तर पासवर्डच्या वेळी हा उठून भिंतीकडे तोंड करून उभा! "तूच टाक ना बाबा काहीतरी," मी म्हटलं.

"नाई गुरुजी. घर तुमचं, कुलूप तुमचं. मी कायले पाहू?"

वर हुकूम: पासवर्ड लांबलचक हवा, कागदावर लिहून लपवा, आणि फोटोंची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर परगावी ठेवा. "एकाच घरात दोन कॉप्या म्हंजे एकच." ती डिस्क घेऊन मी एसटीने लाखांदूरला बहिणीकडे गेलो, वाटभर त्याला शिव्या देत.

पासवर्डचा कागद मी धानाच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, खुपसला. बायकोने नेमका तोच कट्टा राइस मिलमध्ये भरडायला पाठवला. पासवर्ड काही केल्या आठवेना.

तो आला. हसला नाही. डब्यातलं सगळं पुसून टाकलं आणि लाखांदूरहून आणलेली डिस्क जोडली. वडील एकेक फोटो करून परत आले.

"आता तरी पासवर्ड पाहून ठेव रे!" मी ओरडलोच.

"टाका गुरुजी," तो म्हणाला. आवाज भिंतीकडून आला.