भर चर्चमध्ये टोपी

टीव्हीवर पुढाऱ्यानं भाषणात देवाचं नाव घेतलं की माझा दोस्त आपल्या डोक्यावरची टोपी काढायचा. मत मागितलं की परत चढवायचा. "देवाम्होरं डोकं उघडं, पुढाऱ्याम्होरं झाकलेलं," म्हणायचा. उत्तनच्या किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर सगळे हसायचे. मीही.

तो ख्रिस्ती, मी हिंदू कोळी. एकाच जाळ्याची दोन टोकं धरून आम्ही म्हातारे झालो. मी दुसरीपर्यंत शिकलोय, पण बोलण्यात त्याला कधी जिंकू दिलं नाही.

मुलानं त्याला अमेरिकेत कायमचं बोलावून घेतलं. तिकडून फोन आला, "अरे, हितं पुढारी दर वाक्याला देव आणतो. हात दुखला माझा!"

मग एका रविवारी तिथल्या फादरनं प्रवचनातच सांगितलं, अमक्याला मत द्या, देवाची तीच इच्छा आहे. यानं भर चर्चमध्ये टोपी चढवली. आता तुम्हीच बघा, आमच्या देवळात कोणी चपला घालून शिरावं, तसं झालं हे.

"पप्पा, टोपी काढ!" मुलगा कुजबुजला.

"प्रार्थना चालू झाली की काढतो."

घरी भांडण पेटलं. मुलगा म्हणाला, फादरची माफी माग. हा माफी न मागता विमानात बसला. इकडे आला आणि बापलेकाचं बोलणं बंद. नातीचा बाप्तिस्मा तोंडावर आलेला. हा दिवसभर मोबाईल उघडून तिचा फोटो बघायचा.

मी टोचलं, "आमच्या प्रचाराचा नारळ देवीपुढंच फुटतो. आम्ही काय मेलो?"

"म्हणून तर खोबरं पुढारी खातो, देवीला करवंटी!"

"बरं, पोराला फोन कर."

"त्यानं करावा."

असला हट्टी. हट्टी मीही आहे, पण माझ्या हट्टाला कारण असतं.

शेवटी मुलाचाच आला. याला कमी ऐकू येतं, फोनचा आवाज मोठा, त्यामुळे सगळा किनारा ऐकत होता.

"पप्पा, माफी राहू दे. पोरीचा बाप्तिस्मा तुझ्याशिवाय करणार न्हाय."

"नि फादर परत मतांचं बोलला तर?"

"तर आपण दोघं बाहेर जाऊन चहा पिऊ."

डोळे पुसत मला म्हणतो, "आज वारा लय खारा हाय."

बाप्तिस्म्याला गेला तो तिकडंच राहिला. परवा त्याचा फोटो आला. शेजारशेजारच्या दोन अंगणांत दोन वेगळ्या पुढाऱ्यांच्या पाट्या, मधे उंच खांबावर पोरांची बॉल टाकायची फाटकी जाळी, आणि हा शिडीवर चढून ती विणतोय. खाली दोन्ही घरांची पोरं वर तोंड करून उभी.

गाठी ढिल्या घातल्यात. समोर असता तर तिथंच सुनावलं असतं.